लेझर-कट प्लायवर स्प्रे मारला की कडेनं तपकिरी झाक का येते, आणि तिच्यासोबतच्या नेहमीच्या तक्रारी

लेझरनं कापलेलं पॅनल मशीनमधून निघतं तेव्हा छान दिसतं. कापण्याआधी लावलेली संरक्षक टेप सोलायची, कडा हातानं झटकायच्या आणि क्लिअर, म्हणजे पारदर्शक फिनिशच्या, स्प्रेचा पहिला हात मारायचा. मिनिटाभरात कापलेल्या प्रत्येक रेषेच्या कडेनं पिवळट-तपकिरी झाक पसरायला लागते. पॅनल उभं असेल तर ती खाली ओघळते, आडवं असेल तर प्रत्येक भोकाभोवती कडं धरते. मग डबा बदलला जातो, लॅकरऐवजी पॉलियुरेथेन येतं, ग्लॉसऐवजी मॅट येतं, आणि पुढच्या पॅनलवर पुन्हा तेच.

डब्याचा दोष यात क्वचितच असतो. डाग स्प्रेनं आणलेला नसतो. तो कापतानाच प्लायवर बसलेला असतो, फक्त कोरडा असल्यामुळे दिसत नाही. स्प्रेमधल्या द्रावकानं तो विरघळतो आणि लाकडाच्या शिरांमधून पसरतो. त्यामुळे कोणता स्प्रे घ्यावा हा प्रश्न खरा असला तरी नंतरचा आहे. आधी पॅनलवर काय बसलंय ते पाहायला हवं.

काजळी वेगळी, चिकटा वेगळा

लाकूड लेझरखाली वितळत नाही, जळून तुटतं. सेल्युलोज साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्यानं विघटित होतं. त्यातला काही भाग वायू होऊन निघून जातो, काही कोळसा होऊन कडेवरच राहतो, आणि काही डांबरट वाफ होऊन उडतो. ही वाफ जवळच्या थंड पृष्ठभागाला लागली की गार होऊन तिथंच चिकटते. मशीनचं एअर असिस्ट (कापायच्या जागी मारला जाणारा हवेचा झोत) कमकुवत असेल तर वरच्या बाजूला जास्त, आणि धूर खालून नीट खेचला जात नसेल तर हनीकोंबला (पॅनल ठेवायच्या जाळीदार पाटाला) टेकलेल्या बाजूला जास्त. डायोड लेझरवर (कमी ताकदीच्या छोट्या मशीनवर) वेग कमी आणि फेऱ्या अनेक, म्हणून तिथं दोन्ही गोष्टी वाढतात.

म्हणजे कडेपाशी दोन प्रकारची घाण असते. एक काळी, कोरडी काजळी. ती जवळपास निव्वळ कार्बन आहे, कुठल्याही थिनरमध्ये विरघळत नाही, फक्त झडते. दुसरा धुराचा चिकटा. तो पिवळट, पातळ, बोटाला किंचित चिकट लागणारा असतो आणि अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, लॅकर थिनर यांत आनंदानं विरघळतो. तपकिरी झाक येते ती या चिकट्याची.

बहुतेकांचं गाडं इथंच अडतं, कारण दोघांवरचे उपाय नेमके उलटे केले जातात. चिकट्यावर पॉलिश पेपर घासला की पेपर भरून जातो आणि चिकटा निघण्याऐवजी लाकडाच्या रंध्रांत दाबला जातो. काजळीवर ओलं फडकं फिरवलं की तिची शाई होते आणि स्वच्छ पृष्ठभागावर करडे फराटे उमटतात. काजळी कोरडीच काढायची, चिकटा द्रावकानं काढायचा. क्रमही हाच ठेवायचा: आधी कोरडं, मग ओलं.

कोणती घाण किती आहे हे कळायला एक पांढरं सुती फडकं पुरतं. कोरडं फडकं कडेवरून फिरवा. काळं झालं तर काजळी आहे. मग फडक्याचा स्वच्छ कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जेमतेम ओलसर करून कापलेल्या रेषेच्या बाजूचा सपाट भाग पुसा, कड नव्हे. फडक्यावर चहाच्या रंगाचा डाग आला तर तोच तुमच्या पुढच्या स्प्रेमध्ये उतरणार आहे. नुसत्या डोळ्यांनी स्वच्छ वाटणाऱ्या पॅनलवरही हा डाग येतो. ज्यांना ही गोष्ट पटत नाही त्यांनी एकदा एवढंच करून पाहावं.

साफ करायची पद्धत

कडा आणि भोकं नायलॉनच्या मऊ ब्रशनं झाडून घ्या. जाळीचं बारीक काम असेल तर जुना दातांचा ब्रश उत्तम. त्यानंतर व्हॅक्यूमनं ओढा किंवा दाबाच्या हवेनं फुंकून काढा. हवा मारायची ती खोलीबाहेर, आणि स्प्रे जिथं करणार तिथं तर मुळीच नाही, कारण तीच धूळ तासाभरानं ओल्या कोटवर येऊन बसते.

मग अल्कोहोल. 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल घ्या. त्याहून सौम्य असेल तर उरलेला भाग पाण्याचा असतो, आणि पाणी पातळ प्लायला मानवत नाही: कूस (लाकडाचे बारीक तंतू) उभी राहते, पत्रा (प्लायची पातळ शीट) वाकतो. फडकं ओलसर हवं, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. पुसण्याची दिशा पॅनलच्या मधून कडेकडे. उलट, कडेकडून आत पुसलं तर कडेवरचा चिकटा आपणच आतल्या स्वच्छ भागावर ओढून आणतो. फडक्याची घडी दर दोन-तीन हातांनंतर बदला. तेच फडकं फिरवत राहणं म्हणजे डाग सगळीकडे सारखा वाटणं.

किती पुसायचं? सपाट भागावरून फडकं जवळजवळ पांढरं निघेपर्यंत. कडेवरून मात्र ते कधीच पांढरं निघणार नाही, कारण कड हाच कोळशाचा थर आहे. तिथं हात झटकल्यावर भुकटी पडत नसेल तर पुरे. कड लाकडाच्या रंगाची हवी असेल तर 220 आणि मग 320 नंबरच्या पेपरनं घासावी लागेल. सरळ रेषांच्या पॅनलवर हे जमतं. नक्षीच्या जाळीत कुणी हे करायला सांगत असेल तर त्यानं ते स्वतः केलेलं नाही असं खुशाल समजा.

अल्कोहोल पूर्ण उडू द्या. उघड्या हवेत अर्धा तास तरी. लाकडात राहिलेलं अल्कोहोल वरून कोट बसल्यावर बुडबुडे काढतं.

पहिला हात जवळजवळ कोरडाच

एवढं करूनही थोडा चिकटा रंध्रांत आणि कडेच्या तोंडाशी राहतोच. म्हणून पहिल्या हाताचं काम चमक आणणं नाही, उरलेल्या चिकट्याला कुलूप लावणं आहे. विरघळायला चिकट्याला ओल हवी आणि वेळ हवा. दोन्ही द्यायचं नाही. 25 ते 30 सेंटिमीटरवरून, हात भरभर चालवत, इतका पातळ भुरका मारा की पृष्ठभाग ओला दिसणारच नाही, नुसते ठिपके दिसतील. काम अर्धवट राहिल्यासारखं वाटेल. वाटू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा तसाच, मग तिसरा. हे भुरके लवकर सुकतात, म्हणून चिकट्याला प्रवास करायला सवड मिळत नाही. त्यांचा सलग पापुद्रा बसला की मग नेहमीचा ओला हात मारायचा.

या कामाला मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेपासून बनणाऱ्या फिनिशचा) स्प्रे माझ्या पसंतीचा आहे. तो काही मिनिटांत सुकतो, बहुतेक सगळ्या फिनिशशी त्याचं जमतं आणि चिकट्यावर तो चांगला आडपडदा होतो. मात्र तो ब्रशनं लावू नका. शेलॅकचं द्रावक अल्कोहोलच असतं, म्हणजे ब्रशनं लावणं हे चिकटा पुन्हा पुसून सगळीकडे फासण्यासारखंच झालं. स्प्रेच्या भुरक्यात अल्कोहोल वाटेतच बरंचसं उडून जातं, हा सगळा फरक आहे. आणि वर पॉलियुरेथेन येणार असेल तर मेण काढलेलंच शेलॅक हवं. मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही, पुढे नखानं सुटतं.

पाण्यावर आधारित फिनिशमध्ये ही झाक कमी येते, कारण चिकटा पाण्यात तितकासा विरघळत नाही. पण त्यांतही थोडी सहद्रावकं असतात, त्यामुळे झाक अगदीच येणार नाही असं नाही. शिवाय 3 मिलिमीटरच्या प्लायवर पाणी म्हणजे नवीन दुखणं. ते पुढे येईलच.

डाग बसूच नये म्हणून

टेप दोन्ही बाजूंना लावा. खालची बाजू दिसणार नाही म्हणून सोडून देतात, आणि नंतर तिथलाच चिकटा भोकातून वर येतो. टेप कागदी हवी. विनाइलची अजिबात नको, कारण पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे लोखंडी भागही खातो. टेप कापल्यावर लगेच सोला. आठवडाभर तशीच राहिली, त्यातून ऊन लागलं, तर गोंद लाकडावर उरतो आणि त्या जागी स्प्रे गोळा होतो किंवा मागे सरतो.

शेकडो बारीक तुकड्यांची जाळी असेल तर टेप सोलणं हे स्वतंत्र शिक्षण आहे. वरून आणखी एक रुंद, जास्त चिकट टेप दाबून एकदम ओढली तर बरेच तुकडे सोबत येतात. उरलेले प्लास्टिकच्या पातीनं उचला. लोखंडी पातीनं उचलायला गेलात तर वरच्या पापुद्र्यावर चरे पडतात आणि ते ग्लॉसखाली ठळक दिसतात.

दुसरा मार्ग मला त्याहून आवडतो: आधी फिनिश, मग कापणं. अख्ख्या शीटला क्लिअर मारायचं, पूर्ण पक्कं होऊ द्यायचं, वर टेप लावून कापायचं. धुराचा चिकटा मग लाकडावर न बसता फिनिशच्या पापुद्र्यावर बसतो आणि पुसला जातो. नंतर राहतात फक्त कडा, त्यांना हलका हात पुरतो. दोन पथ्यं मात्र पाळायची. पुसायला असं द्रावक घ्यायचं जे खालच्या फिनिशला विरघळवत नाही, म्हणजे शेलॅकवर अल्कोहोल नाही. पक्क्या झालेल्या पॉलियुरेथेनवर चालतं. आणि ओलं किंवा अर्धवट सुकलेलं फिनिश लेझरखाली कधीही न्यायचं नाही, त्यातल्या द्रावकाच्या वाफा पेट घेतात. नायट्रोसेल्युलोज लॅकर तर सुकल्यावरही भराभर पेटतं, ते या पद्धतीत नकोच.

कोणता स्प्रे कशाला

घरात भिंतीवर लावायच्या, फारसा हात न लागणाऱ्या पॅनलला अ‍ॅक्रिलिक लॅकर. ते लवकर सुकतं, पिवळं पडत नाही, आणि प्रत्येक नवा थर खालच्या थरात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे मधल्या हातांत घासायची सक्ती नसते आणि दुरुस्ती सोपी जाते. बर्च किंवा पॉप्लरसारखं फिकट लाकूड फिकटच राहावं असं वाटत असेल तर हेच. नायट्रोसेल्युलोजची झळाळी उबदार असते, पण ते वर्षांगणिक पिवळं होत जातं. तेलावर आधारित पॉलियुरेथेन तर पहिल्या दिवसापासूनच मधाळ रंग देतं.

हाताळणीच्या वस्तूंना, म्हणजे ट्रे, डबे, खेळाचे पट, यांना पॉलियुरेथेन. ते नुसतं सुकत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पक्कं होतं. त्यामुळे टिकाऊ असतं. पण एकदा पक्कं झालं की नवा थर त्यात विरघळत नाही, नुसता वर बसतो. म्हणून दोन हातांमध्ये 320 नं हलकं घासून धरायला जागा करून द्यावी लागते.

डब्यातल्या डब्यात हार्डनर (फिनिश कडक करणारा घटक) फोडून वापरायचे दोन घटकांचे क्लिअरही मिळतात. त्यांचा पृष्ठभाग लाजवाब येतो, हे मान्य. पण त्यांत आयसोसायनेट असतं, त्याचा वास धोक्याच्या पातळीच्या आधी येईलच असं नाही, आणि एकदा श्वसनाला त्याची अ‍ॅलर्जी जडली की ती कायमची. शोभेच्या पॅनलसाठी घरी हे करणं मला पटत नाही.

बाहेर, उन्हापावसात लावायच्या पॅनलबद्दल लोक विचारतात. आतल्या वापराच्या प्लायचा गोंदच पाण्यात सुटतो, आणि लेझरनं कापलेल्या जाळीत तर उघड्या कडाच कडा. वरून काहीही मारा, कडेतून पाणी शिरणारच. तिथं प्लायच बदलायला हवं. पण बाहेरच्या वापराच्या प्लायमधला फिनॉलिक गोंद लेझरला दाद देत नाही, कडा जास्त जळतात, मध्येच कापायचं राहतं.

बाकीच्या तक्रारी

पांढरट धुकं. लॅकर मारल्यावर काही मिनिटांत पृष्ठभाग दुधाळ होतो. द्रावक वेगानं उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि पापुद्र्यात अडकतं. हवा दमट असेल, आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर असेल, तर स्प्रे पुढे ढकला. एवढंच. आधीच आलं असेल तर घाबरून वर आणखी थर देऊ नका. कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा किंवा त्याच लॅकरचा अगदी हलका भुरका मारला की खालचा थर पुन्हा सैल होतो आणि बाष्प निघून जातं. पॉलियुरेथेनमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण तो थर पुन्हा विरघळत नाही.

काळे ठिपके. पॅनल साफ केलं होतं, पहिला हातही छान गेला, आणि दुसऱ्या हाताला पृष्ठभागावर मिरपूड पडल्यासारखे ठिपके आले. हे वरून पडलेलं नसतं. स्प्रेचा झोत भोकांत शिरतो, आतली सुटी काजळी उचलतो आणि बाजूच्या ओल्या भागावर आणून टाकतो. पॅनल वर्तमानपत्रावर सपाट ठेवून मारत असाल तर झोत कागदावर आपटून उलट येतो आणि प्रकार दुप्पट होतो. पॅनल खिळ्यांच्या किंवा टाचण्यांच्या टोकांवर उचलून ठेवा, म्हणजे हवेला खालून निघायला वाट राहील. आणि क्रम बदला: आधी मागची बाजू, मग तिरक्या कोनातून भोकांच्या आतल्या कडा, आणि दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी. कडांवर थर बसला की काजळी जागच्या जागी बांधली जाते.

खरखरीत पृष्ठभाग. बोट फिरवलं की बारीक रवा लागतो. ठिपके काळे नसतील, रंगहीन असतील, तर स्प्रे वाटेतच सुकून कणांच्या रूपात पडतोय. डबा फार लांब धरलाय, हवा फार गरम आहे किंवा पंखा चालू आहे. भुरक्याच्या पहिल्या थरांना ही खरखर थोडी येणारच, ती ओला हात देण्याआधी 320 नं उतरवायची. पण रवा नसून उभे तंतू लागत असतील, तर ती लाकडाची कूस आहे आणि ती पाण्यामुळे आली आहे.

ओघळ. जाळीत ते नेहमी भोकाच्या खालच्या ओठावर येतात, कारण समोरून मारलेला स्प्रे कडेवर जमतो आणि खाली लोंबतो. पॅनल आडवं ठेवून चारी दिशांनी साधारण 45 अंशांत पातळ हात मारले की आतल्या कडा झाकल्या जातात आणि कुठंही साचत नाही. बटण दाबायचं ते पॅनलच्या बाहेर, सोडायचं तेही बाहेर. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. ओला ओघळ बोटानं पुसायचा मोह होतो. आवरा. पूर्ण सुकू द्या, धारदार पातीनं कापून सपाट करा, 400 नं घासा, मग पुढचा हात.

सुरकुत्या. चकचकीत झालेला थर दुसरा हात दिल्यावर अचानक आक्रसतो. डब्यावर लिहिलेलं असतं, की दुसरा हात इतक्या वेळाच्या आत द्या, नाहीतर थेट एखाद्या दिवसानंतर. मधल्या काळात थर वरून पक्का आणि आतून मऊ असतो, नवं द्रावक आत शिरून त्याला फुगवतं. प्रत्येक डब्याचा हा वेळ वेगळा असतो, म्हणून इतरांचे आकडे वापरू नका, आपल्या डब्यावरचे वाचा. तेलाच्या पॉलियुरेथेनवर किंवा एनॅमलवर लॅकर मारलं तरी हेच होतं. खाली लॅकर आणि वर, घासून घेतल्यावर, पॉलियुरेथेन चालतं. उलट क्रम चालत नाही.

गोल खड्डे. स्प्रे पडल्याबरोबर ठिकठिकाणी मागे सरतो आणि तळाशी लाकूड दिसतं. हे सिलिकॉनचं काम. ते फर्निचरच्या पॉलिशमधून येतं, अडकलेले भाग सुटे करायच्या वंगण-स्प्रेमधून येतं, हाताच्या क्रीममधून येतं, आणि लेझर मशीनच्या रेलवर मारलेल्या वंगणाच्या तुषारांमधूनही. खोलीत एकदा सिलिकॉनचा स्प्रे उडाला की कुठं कुठं बसेल सांगता येत नाही. वर आणखी दाट थर दिल्यानं खड्डे भरत नाहीत, फक्त त्यांचे काठ वाढतात. सुकू द्या, घासा, पुसा, शेलॅकचे दोन कोरडे भुरके मारून बंद करा आणि मग पुढे जा.

कडेवर पट्टे. प्लायचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात. ज्या थराचा तंतू कडेला तोंड करून आहे तो फिनिश पिऊन टाकतो, शेजारचा तसाच चमकतो. म्हणून कड पट्टेदार दिसते. कडांना दर्शनी भागापेक्षा दोन हात जास्त द्या, बाकी काही बिघडलेलं नाही. काळी कड तशीच ठेवणार असाल तरीही ती बंद करा. सुकल्यावर पांढरं फडकं घासून पाहा. काळं उतरत असेल तर उद्या ते भिंतीला किंवा कुणाच्या बाहीला लागणार.

वाक. 3 मिलिमीटरचा पत्रा एका बाजूनं फिनिश केला की ती बाजू बंद होते, दुसरी हवेतलं बाष्प घेत-सोडत राहते, आणि पत्रा होडीसारखा वळतो. दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या, मागची बाजू भिंतीकडे असली तरी. सुकताना पॅनल टेबलावर सपाट ठेवू नका, खालून हवा लागली पाहिजे. पाण्यावर आधारित फिनिश असेल तर थर अगदी पातळ, आणि दोन थरांमध्ये भरपूर वेळ.

कोरीव काम फिकं पडणं. गडद कोरलेली अक्षरं क्लिअर मारल्यावर कधी जास्त गडद होतात, तर मॅट मारल्यावर करडी पडतात. मॅट स्प्रेमध्ये सिलिकासारखी भुकटी असते, तीच चमक मोडते, आणि गडद पार्श्वभूमीवर तीच राखेसारखी दिसते. मॅटचे चार थर दिले की सगळंच धुरकट होतं. खालचे थर ग्लॉसचे द्या, शेवटचा एकच मॅटचा. आणि मॅटचा डबा हलवताना कंजुषी नको: आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे किमान एक-दोन मिनिटं, भुकटी तळाशी बसलेली असते.

नोझल थुंकत असेल तर प्रत्येक वापरानंतर डबा उलटा करून नुसती हवा येईपर्यंत मारा. डबा थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, शेगडी, हीटर तर नाहीच. डब्यावर 50 अंशांची मर्यादा उगाच लिहिलेली नसते.

मास्कबद्दल दोन शब्द. साधा धुळीचा मास्क द्रावकाच्या वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला अर्धा मास्क घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, ठिणगी पडेल असं काही जवळ नको. तेलाच्या फिनिशनं भिजलेल्या फडक्यांचा बोळा कचऱ्यात टाकू नका, ती सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाका.

आधीच डागाळलेल्या पॅनलचं काय

वर लॅकर किंवा शेलॅक असेल तर आशा आहे. त्यांच्या त्यांच्या द्रावकानं थर पुसून काढा, पुन्हा कडेकडे, पुन्हा फडक्याची घडी बदलत. झाक त्यासोबत बरीच उतरते, सगळी नाही. वर पॉलियुरेथेन असेल तर घासण्याशिवाय मार्ग नाही, आणि इथं हात जपून चालवावा लागतो. 3 मिलिमीटरच्या प्लायचा दर्शनी पापुद्रा फार पातळ असतो. मशीन सँडर लावला तर कोपऱ्यांतून खालचा गोंद दिसायला वेळ लागत नाही. लाकडी ठोकळ्यावर 320 चा पेपर गुंडाळून हातानंच, तंतूच्या दिशेनं.

झाक शिरांत खोल गेली असेल तर ती काढत बसण्यापेक्षा तिला सामावून घेणं शहाणपणाचं. आधी शेलॅकच्या कोरड्या भुरक्यांनी पृष्ठभाग बंद करा, मग रंगीत पारदर्शक लॅकरचे पातळ हात देत सगळं पॅनल कडेच्या छटेपर्यंत गडद करा. अक्रोडी किंवा गडद मधाळ रंगात कडेची झाक हरवून जाते. फिकट लाकूडच हवं असेल तर पॅनल नव्यानं कापावं लागेल. त्या वेळी शीटच्याच कोपऱ्यातून, त्याच वेगानं आणि त्याच पॉवरनं, दोन-चार भोकं आणि थोडी कोरीव अक्षरं असलेला एक कटपीस आधी कापून घ्या. पुसण्यापासून शेवटच्या मॅटपर्यंतचे सगळे हात त्याच्यावर मारा, रात्रभर ठेवा, आणि सकाळी उजेडात तिरका धरून पाहिल्यावरच मूळ पॅनलला हात लावा.